लाल साडी आणि तलवार बदकं

२००३ सालच्या दिवाळीनंतर मला तिसरं स्थळ आलं. मुलगा जामसंड्याचा, बँकेत नोकरीला. "व्यसन कसला नाय, फक्त पाखरां बघता," असं मध्यस्थाने आवाज खाली आणून सांगितलं. उत्तरेकडची बदकं धामापूरच्या तलावावर नुकतीच उतरली होती, त्यामुळे रविवारी सकाळी तो तिथेच असणार होता. आईने ठरवलं, मुलगी तिथेच दाखवायची. काठावरच भगवतीचं देऊळ, म्हणजे कौलही लावता येईल. देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. देवीला विचारायचं होतं, मुलाला विचारायचं होतं. मला विचारायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, आणि त्याचा मला सणसणीत राग आला होता.

मसुऱ्याहून मामाच्या रिक्षाने आम्ही उजाडताच पोचलो. आई गुरवाबरोबर देवळात गेली. लाल साडी, केसांत अबोलीचा वळेसर, अशी मी काठावर उभी राहिले. मुलाने दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "साडीच्या रंगाने बदकं बिथरतील. जरा त्या झाडामागे बसाल का?"

दाखवायला आणलेली मुलगी झाडामागे जाऊन बसली. "ह्यो हिका बघूक इलो काय बदकांक?" मामा पुटपुटला. मी मनातल्या मनात नकार देऊन टाकला. डावी पाकळी पाड, असं देवीलाही बजावलं.

थोड्या वेळाने तो वाकत वाकत आला आणि दवाने भिजलेल्या गवतात शेजारी बसला. आधीच्या दोघांपैकी एकाने मला चालून दाखवायला लावलं होतं, दुसऱ्याने पेपर वाचून घेतला होता. याने दुर्बीण माझ्या हातात दिली.

"टोकदार शेपटीची ती तलवार बदकं. दिसली?"

"नाही."

"मधलं चाक फिरवा. हळूहळू."

फिरवलं. एक लांब मानेचं बदक एकदम एवढं जवळ आलं की मी मान मागे घेतली. कुठल्या कुठून डोंगर ओलांडून आलेलं ते पाखरू, शेपटी वर करून आमच्या धामापूरच्या चिखलात तोंड खुपसत होतं. मला हसू आलं. मला बघायला आलेल्यांत मला काही दाखवणारा हा पहिलाच.

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्यांवरून आई ओरडत आली, "उजवो दिल्यान गो! देवीन उजवो कौल दिल्यान!"

दुर्बीण डोळ्यांवरून न काढता मी म्हटलं, "आये, हळू बोल, बदकां उडतली. माझो पण उजवोच आसा."