तिसऱ्या मजल्यावरची साडी

"सर, ती तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली साडी माझी हाय."

रेखाताई पार्किंगमध्ये मान वर करून उभ्या होत्या. ते घेणार होते त्या फ्लॅटचं मोजमाप उरकून मी टेप गुंडाळत होतो. बिल्डरचा सेल्समन निखिल गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. रेखाताईंचा नवरा संतोष याने आधी बायकोकडे बघितलं, मग वर बघितलं, मग माझ्याकडे बघून कसनुसा हसला.

"अगं, तसल्या साड्या काय एकच असत्यात व्हय?"

"जांभळ्याला पोपटी काठ. मावसबहिणीच्या लग्नातली. दुकानदारानं पुन्हा असला रंग आणला न्हाई, लोक हसत्यात म्हून."

"मॅडम, म्हणजे तुमची आणि शेजारच्यांची चॉइस सेम आहे," निखिल म्हणाला. "चांगलंच की!"

आम्ही तिघं हसलो. रेखाताई हसल्या नाहीत.

मी व्हॅल्युअर आहे. म्हणजे तुम्ही बँकेत होम लोन मागितलंत की बँक मला पाठवते. घर खरंच आहे का, केवढं आहे, बाजारात किती किमतीला जाईल, आणि उद्या घाईत विकावं लागलं तर किती हातात येईल, हे मी लिहून देतो. या शेवटच्या आकड्याला आम्ही डिस्ट्रेस व्हॅल्यू म्हणतो. घेणाऱ्याला तो कुणी सांगत नाही. माझं ऑफिस दौंडला. वडील रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासत चालायचे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. सिव्हिल इंजिनिअर झालो तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

तर ही बिल्डिंग शिक्रापूरची. हायवेपासून आत, उसाच्या कडेला उभी. नाव लिहीत नाही, मला बँकेच्या पॅनेलवर राहायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे फ्लॅटचा फुगा आला होता. नवीन कंपन्या येणार, रस्ता रुंद होणार, अमुक होणार, तमुक होणार. पुण्याची माणसं गाडीतून उतरायची, चिखलात उभी राहून फ्लॅट बुक करायची, तेही दोन-दोन, तीन-तीन. राहायला नाही, भाव वाढला की विकायला. घेणारे वाढले म्हणून भाव वाढला, आणि भाव वाढला म्हणून आणखी घेणारे आले. मग एक दिवस घेणारेच संपले. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की या सगळ्यांत राहणारा कुणीच नव्हता. भाव खाली आला आणि ज्याच्या त्याच्या हातात कुलूपबंद फ्लॅट राहिला.

संतोष कंपनीत ऑपरेटर. दोघं मुलीला घेऊन चाळीतल्या एका खोलीत राहायचे, संडास-बाथरूम सगळ्यांना मिळून एक. मालकाला तिथं गाळे काढायचे होते, त्याने दिवाळीनंतर खोल्या खाली करायला सांगितल्या होत्या. संतोषने पाटसकडची जमिनीची वाटणी भावाला लिहून दिली होती, त्यातून आलेली रक्कम बँकेत पडून होती. पुन्हा अशी रक्कम या घरात येणार नव्हती. आणि निखिल रोज फोन करत होता, "दादा, रेट तळाला लागलाय. सोमवारपासून वाढणार. रविवारी टोकन टाका."

म्हणून मॅडमनी, म्हणजे शिक्रापूर शाखेच्या मॅनेजरनी, मला शनिवारीच पाठवलं होतं.

खरं सांगायचं तर बिल्डिंग बघून मी खूश झालो होतो. अशा प्रोजेक्टमध्ये मी आधी बाल्कन्या बघतो. इथं बाल्कनी-बाल्कनीत कपडे वाळत होते. कुठं लुगडं, कुठं शाळेचा ड्रेस, कुठं लहान बाळाची झबली. दारांवर पाट्या होत्या, उंबऱ्यांवर रांगोळीचे स्टिकर होते. ऑक्युपन्सी चांगली, म्हणजे राहती बिल्डिंग आहे, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं.

साडीचं ऐकलं आणि मला एवढंच वाटलं की मी अजून मीटर रूम बघितलेली नाही.

"मीटर रूम कशाला सर?" निखिल म्हणाला. "तिथं नुसती धूळ आहे."

"धूळच बघायचीय."

डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो. घरात वीज चालू असेल तर तो लुकलुकतो. नुसता फ्रिज चालू असला तरी थांबत थांबत लुकलुकतो. मी दार ढकललं. अख्ख्या भिंतीवर मीटर होते, आणि त्यांतले दोन-तीनच लुकलुकत होते. त्यांतला एक जिन्याच्या दिव्यांचा असणार. बाकीची भिंत मेलेली.

बाहेर एवढे कपडे आणि आत एक फ्रिज नाही? मी तसाच जिना चढायला लागलो. रेखाताई माझ्या पुढं गेल्या. निखिल खालून ओरडला, "सर, तिथं फॅमिली आहे, डिस्टर्ब नका करू!"

तिसऱ्या मजल्यावर 'जाधव परिवार' अशी पाटी होती. बेल दाबली, वाजली नाही. दार वाजवलं, कुणी आलं नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून वॉचमनची बायको उतरली. एका हातात बादली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"आत्ता गं बाई! गेला न्हाई व्हय तुमी? मला वाटलं पार्टी गेली."

"मावशी, हे जाधव कुठं गेलेत?" मी विचारलं.

"कोण जाधव?"

मी पाटीवर बोट ठेवलं.

"ती व्हय. ती पाटी बिल्डर सायबानं लावलीय. हितं कोण ऱ्हातंय? मी आपली कापडं काढाया आले."

"कुणाची कापडं?"

"कुणाची न्हाईत. कापडं हायती नुसती. सकाळी भिजवायची, ह्या समद्या घरांत दोरीवर टाकायची, सांजच्याला काढायची. रविवारी दोनदा भिजवायची, वाळलेली दिसाया नगं म्हणत्यात. रविवारी गिऱ्हाईक लई."

मला वाटलं मला ऐकू कमी आलं. एवढी वर्षं या धंद्यात आहे. खोटे नकाशे बघितलेत, एकच गाळा दोघांना विकलेला बघितलाय. माणसं नसलेल्या घरात कपडे राहायला ठेवलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

मावशींनी कुलूप काढलं. आत फरशीवर धुळीचा थर, त्यात फक्त मावशींच्या पावलांची एक वाट, दारापासून बाल्कनीपर्यंत. रेखाताई त्याच वाटेने गेल्या आणि साडीचा पदर हातात घेऊन परत फिरल्या.

"हे बघा. इस्त्रीनं जळलं होतं, मी वर पोपटी ठिगळ लावलं. पानाचा आकार दिला, डिझाइन वाटावं म्हून."

ठिगळ होतं, पानाच्या आकाराचं.

"ही तर भांडेवालीला दिली होती मी. जुनी कापडं दिली, पातेलं घेतलं."

"मग बरोबर," मावशी म्हणाल्या. "तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून गठुडं आणलं सायबांनी. जुन्या कापडाचं. त्यात आली आसंल."

संतोष आमच्या मागून वर आला होता. तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि एक निळा शर्ट ओढून काढला. त्याच्याच कंपनीचा युनिफॉर्म. खिशावर ऑइलचा डाग. शर्ट छातीला लावून तो आमच्याकडे वळला.

"म्हंजी आपुन आधीच ऱ्हायला आलोय की हितं!"

कुणालाच हसू आलं नाही. रेखाताई तिथंच धुळीत बसल्या. म्हणाल्या, "ह्या घराकडं बघून मी म्हणले होते, शेजार चांगला दिसतोय. पोरगी एकटी ऱ्हायली तरी काळजी न्हाई."

निखिल धापा टाकत आला. चेहरा पडलेला, तोंड चालूच.

"सर, याला स्टेजिंग म्हणतात. पुण्यात सगळे करतात. सॅम्पल फ्लॅटमध्ये प्लास्टिकची फळं ठेवतात की नाही?"

"ठेवतात. पण त्या फळांच्या भरवशावर कुणी मुलीला घरी एकटं सोडत नाही."

"सर, तुम्ही रिपोर्टचं बघा ना. यात रेटचा काय संबंध?"

संबंध होता. तो मी नंतर चौकातल्या टपरीवर दोघांना सांगितला. नियमाप्रमाणे मी बँकेचा माणूस, घेणाऱ्याला सल्ला द्यायचा नसतो. त्या दिवशी दिला. ट्रकच्या आवाजात ओरडून द्यावा लागला.

रेखाताईंनी मला दुसरा धक्का दिला तो तिथं. म्हणाल्या, "सर, तरी पण घेऊन टाकू का? रिकामी तर रिकामी. स्वस्त तर हाय. दिवाळीनंतर मी कुठं जाऊ?"

"ताई, रिकाम्या बिल्डिंगीत लिफ्ट कोण चालवणार? पंप बिघडला तर पैसे कोण देणार? पुण्याचा मालक मेंटेनन्स देत नाही, त्याला इथं राहायचं नाही. सगळं तुमच्यावर येणार."

"पण रेट वाढला म्हंजी?" संतोष म्हणाला. "त्यो म्हणतोय, तळ हाच."

"तळ कधी लागला ते मला पण कळत नाही, आणि माझं पोट त्याच्यावर चालतं. पण एवढं सांगतो. या अख्ख्या बिल्डिंगीत विकायला टपलेले मालक आहेत. भाव जरा वर सरकला की सगळे एकदम विकायला काढणार, परत भाव खाली. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. तुम्हाला दिवाळीनंतर छप्पर पाहिजे. घर वेगळं, छप्पर वेगळं. छप्पर भाड्याने मिळतं."

"भाड्यानं कुठं?"

"तिथंच."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मला चहाचे पैसे देऊन पळावंसं वाटलं. पण हिशोब सरळ होता. मालक हप्ते भरून रडकुंडीला आलेले, मिळेल त्या भाड्याला देतील. वर्षभर राहून बघायचं. पाणी येतं का, लिफ्ट चालते का, माणसं येतात का. आली तर घ्या, नाही आली तर निघा. वाटणीची रक्कम बँकेत राहते.

रेखाताईंनी चहा संपवून बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भाड्यानं घ्यायचा तर त्योच फ्लॅट. माझी साडी ऱ्हायली की तिथं एवढे दिवस."

त्या फ्लॅटचा मालक पुण्याचा निघाला. त्याच्या फ्लॅटची किल्ली बिल्डरकडे राहिली होती. मी फोन केला.

"जाधव? कोण जाधव? माझ्या घरात कुणाचे कपडे?" तो माणूस ओरडायचाच बाकी होता. खरं तर ओरडलाच. पण राग ओसरल्यावर त्याने भाडं इतकं कमी सांगितलं की संतोषने मला परत विचारायला लावलं, महिन्याचंच ना म्हणून.

रिपोर्ट दिला तेव्हा मॅनेजर मॅडमचा फोन आला.

"हे काय लिहिलंय? 'विनामालक कपडे वाळत घातलेले आढळले'?"

"मॅडम, आढळले."

"हेड ऑफिस हसेल हो. काढा ते."

"मग काय लिहू?"

"ऑक्युपन्सीचा पुरावा विश्वासार्ह नाही, एवढं लिहा."

तसं लिहिलं. लोन थांबलं. बिल्डरने मॅडमना फोन करून मी अनुभवी नाही असं सांगितलं. मॅडम त्याला म्हणाल्या, "त्यांना फक्त कपड्यांचा अनुभव नव्हता, आता आलाय." त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल जपून बोलतो.

दिवाळीनंतर संतोष-रेखाताई तिथं राहायला गेले. पहिले काही महिने वाईट गेले. पाण्यासाठी टँकर, लिफ्ट बंद, संध्याकाळी जिन्यात अंधार. रेखाताई मला फोनवर बोलून घ्यायच्या, मी ऐकून घ्यायचो. पण संतोषच्या शिफ्टमधल्या दोघांनी भाडं ऐकलं आणि ते आले. त्यांच्या मागून आणखी आले. बिहारचे दोघं भाऊ कुटुंबं घेऊन आले. चाळी पाडणं चालूच होतं, माणसांना जागा पाहिजेच होती. मग भाडेकरूंनीच मालकांना फोन लावून मेंटेनन्स गोळा केला आणि लिफ्ट चालू झाली.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर बँकेने मला पुन्हा त्याच पत्त्यावर पाठवलं. या वेळी विकणारा तो पुण्याचा मालक, मधे बिल्डर नाही. घेणारे तेच. मी आधी मीटर रूममध्ये गेलो. भिंतभर लाल दिवे लुकलुकत होते. एखाद-दुसरा मेलेला, तेवढं चालतं.

रेट जवळपास तोच होता. वाढला नव्हता, उतरलाही नव्हता. निखिलचा तो सोमवार काही आला नव्हता. म्हणजे थांबून त्यांचं काहीच गेलं नाही, आणि घेताना ते काय घेतायत हे त्यांना माहीत होतं. भाव पडल्यावर लोक मला विचारतात, सर, आता घेऊ का? मी विचारतो, तिथं राहतंय कोण? याचं उत्तर मिळेपर्यंत भाड्याने राहा. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते शिकायला मला डिग्रीनंतर बरीच वर्षं लागली.

मोजमाप उरकलं. रेखाताईंनी चहा आणला. बाल्कनीत जांभळी साडी वाळत होती, पोपटी पानासकट.

"ही परत मिळाली?"

"मावशीनं दिली. म्हणली, तुझीच हाय, ने."

"आणि भांडेवालीचं पातेलं?"

"त्याच पातेल्यातला च्या हाय, सर. घ्या, गार व्हतोय."