तुलनेसाठी ठेवलेली बाई

मनू, समोर असतीस तर आधी कान धरून जवळ बसवलं असतं. नोएडाहून मयूर विहार काय परदेश आहे का गं? सख्ख्या मावशीला तुझी खबर तुझ्या आईच्या फोनवरून कळते. मूल होत नाही म्हणून कुठल्याशा हॉस्पिटलच्या स्टडीत नाव दिलंस म्हणे. सोमवारपासून इंजेक्शनं. कसली, ते विचारलंस का? तर म्हणे, "डॉक्टर मराठी आहे, एकदम स्वीट आहे."

हे ऐकलं आणि माझं ओटीपोट दुखलं. या वयात.

टेबल. पाय वर अडकवलेले. पडदा अर्धा उघडा. पायांशी डॉक्टरीची पोरंपोरी उभी. साडी कमरेच्या वर आणि माझे डोळे छतावर. तुझ्या वयाची होते मी.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तुझे काका मंत्रालयात कारकून. लग्नाला बरीच वर्षं झाली, घर रिकामं. मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले तर तिथे डॉक्टरबाई मराठी निघाल्या. "अगं, तू आपल्याकडचीच की," असं म्हणाल्या आणि मी विरघळले. दिल्लीत दिवसभर हिंदी बोलून जीभ आंबलेली असायची. त्यात आपल्या बोलीत कोणी "घाबरू नकोस गं" म्हटलं, की त्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटायचं. मी नाही विचारलं. होळीला त्यांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या.

त्या बोलवतील तेव्हा जायचं. गर्भपिशवीच्या आतून चिमट्याने तुकडा काढायच्या. भूल नाही, काही नाही. मी पदर दातात धरायची. इलाज चाललाय, असं समजायची. बसमध्ये उभ्याने घरी येताना पोटावर हात ठेवून मनात म्हणायची, होईल आता.

तर त्या दिवशी त्या पोरांतल्या एकीने विचारलं, "मैडम, इनका ट्रीटमेंट क्या चल रहा है?"

बाई हसल्या. "ट्रीटमेंट नहीं, ये स्टडी में हैं। इस ग्रुप को दवा नहीं देते, बाकियों से कंपेयर करने के लिए रखा है।"

"और हसबैंड की जाँच?"

"अरे, उस बेचारे को क्यों परेशान करना।"

मला हिंदी येते, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी बोलल्या. खुर्चीसमोर बोलतो ना आपण, तशा.

पुढे म्हणाल्या, "ये अच्छी है। कुछ पूछती नहीं।"

मनू, चिमट्याचं दुखणं मी विसरले. हे नाही विसरले. साहेबांच्या बायकाही त्यांच्याकडे यायच्या. त्या आतल्या खोलीत चहा घ्यायच्या. त्यांच्यातली एकही या टेबलावर नव्हती. माझं गप्प बसणं त्यांनी हेरलं होतं, आणि तेच त्यांना उपयोगी होतं.

मी पाय सोडवले. उठून बसले.

"लेटी रहो, अभी हुआ नहीं।"

"नहीं लेटूँगी। मुझसे पूछा किसने?" मुद्दाम हिंदीत बोलले. पोरांना कळायला हवं होतं.

मग बाईंना मराठी आठवली. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, चारचौघांत शोभतं का हे? आपली माणसं आपण."

"मग आपल्या माणसाला सांगा. माझ्या त्या तुकड्यांचं काय केलंत?"

बाईंनी चिमटा ट्रेमध्ये टाकला. म्हणाल्या, "परत माझ्याकडे यायचं नाही."

नाही गेले. घरी काकांना सांगितलं, तुमची तपासणी होईपर्यंत मी कुठल्याही टेबलावर चढणार नाही. ते शेवटपर्यंत गेले नाहीत. कमी कोणात होती, मला आजही माहीत नाही. बाईंचं संशोधन झालं असेल, नाव झालं असेल. माझ्या वाट्याला माझ्याच शरीराची माहितीसुद्धा आली नाही.

संशोधन नको, असं मी म्हणत नाही. बायकांच्या दुखण्यांवर शोध लागायलाच हवेत, आणि ते बायकांच्या अंगावरूनच लागणार. पण अंग आपलं असेल तर आधी आपल्याला विचारायचं. तोंडावर, आपल्याला कळेल असं. त्यानंतर कॉलनीतल्या कितीतरी जणींबरोबर मी दवाखान्यात गेले आणि हेच विचारत राहिले. नर्स मला बघून म्हणायच्या, "आ गई वकील साहिबा।" म्हणू देत.

तुलाही मी गप्प बसू देणार नाही. औषध मिळणार, की तुलाही नुसतं तुलनेला ठेवणार? नको वाटलं तर मधेच सोडता येतं का? तुझ्या नवऱ्याची, विनोदची, तपासणी झाली का? हे सगळं तुझ्या त्या स्वीट डॉक्टरला सोमवारी तू विचारायचं. मी शेजारी उभी असेन. उत्तर मिळाल्याशिवाय तू दंड पुढे करायचा नाहीस.

म्हणून रविवारीच ये. विनोदलाही आण, त्याच्याशी मला बोलायचंय. रात्री इथेच राहा, सकाळी तिघं मिळून निघू.