वीतभर पत्रा

लग्नाआधी पाद्र्याला विचारलं नाही तरी चालेल, पण जुनी गाडी घेण्याआधी वांग्येल मिस्त्रीला दाखवायची, अशी कोर्चा गावाची रीत. तो फडक्यात गुंडाळलेला चुंबक पत्र्यावरून फिरवायचा. चुंबक निसटला की खाली पुट्टी, म्हणजे गंज लपवलेला. मग तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून आधीच्या मालकाची कुंडली मांडायचा. "उतावळा गडी! इंजिन तापायच्या आत पळवायचा." नाहीतर, "कुण्या म्हातारीची दिसतेय. लेकरासारखी जपलीय."

"जुन्या गाडीला दोघंच तारतात," तो म्हणे, "घडवणाऱ्याचं लोखंड आणि वापरणाऱ्याचा हात." मधल्या तिसऱ्याबद्दल, म्हणजे विकणाऱ्याबद्दल, तो कधी बोलत नसे.

त्याला कारण होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तो स्वतः गाड्या विकायचा. सोतिर मास्तर त्याचा जिवलग. त्याला वांग्येलने एक जर्मन डिझेल गाडी विकली. गाडी दणकट, पण मागचं चाक जिथे धरलेलं असतं तिथला वीतभर पत्रा कुजला होता. वांग्येलने पुट्टी भरली, वर काळा रंग मारला. उन्हाळ्यात नीट करून देऊ, असं स्वतःलाच सांगितलं. ते तीन उन्हाळे राहून गेलं. मग एका जानेवारीत पोग्रादेत्सच्या घाटात गाडी रस्ता सोडून कोसळली आणि मास्तर गेला. लोक म्हणाले, बर्फ. वांग्येलही म्हणाला, बर्फ. गाडी भंगारात गेली असं कानावर आलं तेव्हा त्याला हायसं वाटलं, हे कशाला लपवायचं? पण तेव्हापासून कुठल्याही गाडीखाली शिरलं की त्याची नजर आधी त्याच जागी जायची, आणि मास्तर वर बसलाय असं वाटायचं.

यंदा ईस्टर झाल्यावर मास्तरची मुलगी धाफिना तीच गाडी टेम्पोत घालून दारात घेऊन आली.

"ही तर भंगारात गेली होती ना?" त्याने विचारलं.

"भंगारात कुठली! मामाच्या गोठ्यात होती, गवताखाली," ती म्हणाली. "तिरानाचा एकजण मागतोय. पण म्हणतो, वांग्येलचा शब्द हवा."

"दे टाकून भंगारात. कशाला मढं उकरतेस?"

"काका, बाबांची आठवण तेवढीच आहे मला, भंगारात नको, कुणी चालवणारा तरी मिळू दे. चार वर्षांची होते मी. तपासा तरी!"

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? उजवी बाजू चेपली होती, पण नवी बॅटरी लावून ताजं डिझेल घातल्यावर तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. याच आवाजात मास्तर दर रविवारी वांग्येलकडे कॉफीला यायचा. मग तो चुंबक घेऊन गाडीखाली शिरला. त्या जागी चुंबक टेकवला आणि सोडला.

चुंबक पडला नाही.

त्याने खरवडून पाहिलं. जाड नवा पत्रा, चारी बाजूंनी वेल्डिंग, कुठे तडा नाही. म्हणजे बर्फच होता! तो तसाच जमिनीवर पडून रडला. रडता रडताच त्याच्या मनात आलं, हे केलं कुणी?

चेपून अडकलेला पुढच्या सीटसमोरचा कप्पा त्याने पहारीने उचकटला. आत मास्तरची वही होती. दर शरदातल्या तेलबदलाची नोंद, लाल शाईत, शाळेतल्या फळ्यावर लिहावी तशी. पहिल्याच पानावर होतं: "मागच्या चाकाचा पत्रा कुजका निघाला. वर पुट्टी. बिलिश्तला जाऊन नवा घालून घेतला. वांग्येलपाशी बोलायचं नाही. लाजेल."

हे लिहून तो माणूस तीन वर्षं दर रविवारी त्याच्यासमोर बसून कॉफी प्यायला होता. गाडीबद्दल विचारलं तर म्हणायचा, "चोख दिलीस रे."

"काय सापडलं, काका?" धाफिना मागे उभी होती.

वही खिशात घातली असती तर तिला कधीच कळलं नसतं. वांग्येलने ती तिच्या हातात दिली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. तुझ्या बापाने मला ऐकवलं नाही, तू ऐकव."