आईचं दुखणं, आम्हा बहिणींचं दुखणं

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला सगळे आले होते. आईने मात्र दोन्ही हात पदराखाली घेतले होते. सोबत शेजारच्या काकू होत्या, आणि तिची वाकडी झालेली बोटं चारचौघांत दिसलेली बाबांना खपायची नाहीत. "थंड पाण्यात सारखे हात घालते, म्हणून वाताने धरलंय. आपल्या घराण्यात असलं काही नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दोन मुली उजवायच्या होत्या. आईलाही ते खरं वाटलं आणि जन्मभर ती स्वतःलाच बोल लावत राहिली.

इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, थंड पाण्यात हात घालायची वेळच येत नाही. नळाला गरम पाणी, भांड्यांना डिशवॉशर. तरी गेल्या वर्षी सकाळी माझी मूठ वळेना, कीबोर्डवर बोटं चालेनात. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, घरात कोणाला आहे का. बाबांचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि आईचं सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, हा संधिवात आहे, आणि तो नुसता वारशाने होत नाही. पण आईवडिलांकडून काही जनुकं आली की धोका वाढतो, आणि त्यातल्या काहींमुळे सांधे जास्त खराब होऊ शकतात. म्हणून औषध लवकर सुरू करायचं. आईचा दोष कधीच नव्हता, हे कळल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. मग धाकट्या बहिणीला, पल्लवीला, फोन लावला.

तिचीही बोटं सकाळी आखडत होती. पण लग्न ठरत आलेलं, आणि अक्षता पडेपर्यंत गप्प राहा असं बाबांनी बजावलेलं. मी समजावलं, रागावले, फोन करकरून तिचं डोकं खाल्लं. "तुला काय, तू तिकडे आहेस," ती म्हणाली. ते लागलं, पण खोटं नव्हतं.

परवा तिचाच फोन आला. "ताई, मुलाकडच्यांना मीच सांगून टाकलं. ते नको म्हणाले. बाबा बोलत नाहीयेत माझ्याशी. उद्या आईला घेऊन डॉक्टरकडे चाललेय, दोघींचं दाखवते."

इथे कोणी घर कुठे विचारलं, की मी नागपूरच्या गल्लीचं वर्णन करत बसायचे. आता वाटतं, ज्यांच्याकडून हे दुखणं आलं आणि ज्यांच्यासाठी त्याच्याशी भांडायचं, ती माणसं म्हणजे माझं घर. पल्लवी, मी तिकीट काढलंय. बाबांशी मी बोलणार आहे, समोर बसून.