ऐरण रोवली ते गाव

"कंचं गाव सांगू, सायेब? जल्माचं, लग्नाचं, का जाळल्यालं?"

काउंटरपलीकडून पहिल्याच दिवशी तिने हे विचारलं आणि माझं पेन हवेतच राहिलं. ऐंशीच्या दशकाचा शेवट असावा. कल्याणात रेशनकार्डाच्या एका कचेरीत मी कारकून होतो. अर्जावर 'मूळ गाव' असा एक रकाना होता, आणि त्यात एकच नाव मावायचं.

तिला कार्ड हवं होतं. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत घिसाड्यांची पाच-सहा पालं पडली होती, त्यातली ती. कोयते, खुरपी, विळ्या घडवत फिरणारी माणसं. दर दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन त्यांना हुसकायचं आणि आधी कागद मागायचं. कार्ड असलं की निदान उभं राहून बोलता येतं, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

तुम्हीही कचेऱ्यांत खेटे घातले असतील. तिथे आपला आवाज आपोआप खाली जातो. हिचा जायचा नाही. मुलगा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि साठीची ही बाई त्यावर घण घालायची. त्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. एकदा माझ्या टेबलाच्या खणाची कडी बघून म्हणाली, "ह्ये कुनी केलं? लोखंडाला लाज नसती, करनाऱ्याला तरी आसावी." दुसऱ्या दिवशी हातोडी आणून तिने ती ठोकून दिली. आमचे हेडक्लार्क हे कोणत्या नियमात बसतं ते शोधत राहिले.

तिची तीन गावं मी हळूहळू समजून घेतली. जन्म एका जत्रेत, आईबाप दुसऱ्या दिवशी पुढे निघालेले. लग्न जिथे जातपंचायत बसली तिथे. तिसरं गाव देशावरचं. बारा वर्षं दर पावसाळ्याचे चार महिने ते तिथेच काढायचे. एका वर्षी कोणाच्या तरी घरी चोरी झाली आणि सकाळी गाव चालून आलं. पालं पेटवली. तिच्या नवऱ्याला इतकं मारलं की आठव्या दिवशी तो गेला.

"चोर मागनं घावला," ती म्हणाली. "त्यांच्यातलाच. पर पालं तर जळली न्हवं?"

"मग आजी, तुमचं गाव नक्की कुठलं लिहू?"

"आमचं काय, ऐरण रोवली ते गाव. उठताना खड्डा बुजवायचा, वर चिमूटभर हळद टाकायची. कुनाचं लेकरू पडाया नगं."

रकान्यात ऐरण लिहिता येत नव्हती. माझं अक्षर चांगलं, आणि अक्कलही तशीच आहे असा माझा तेव्हा समज. बारा पावसाळे म्हणजे वास्तव्यच की! कोणीतरी ओळख देईलच. मी पालं जळली ते गाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. वाटलं, काम झालं की सांगू.

रीतीप्रमाणे त्या गावाला चौकशीचं पत्र गेलं. दीड महिन्याने उत्तर आलं, 'असे कोणी इसम या गावी कधीही राहत नव्हते.'

मी तिला ते वाचून दाखवलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. पण ती पहिल्यांदाच हळू बोलली.

"म्हंजी तुमी त्यास्नी कळिवलं? आमी हितं हाय म्हून?"

"अहो आजी, पत्रात पत्ता द्यावाच लागतो. एवढ्या लांब कोण येतंय आता?"

"बराबर हाय." ती उठली. दारातून वळून म्हणाली, "सायेब, तुमचं गाव कंचं?"

मी रत्नागिरीकडचं माझं गाव सांगितलं. विचार करायची गरजच पडली नाही.

"तितं तुमास्नी वळखत्यात?"

"हो तर."

"मग बरं हाय."

चौथ्या दिवशी मला राहवेना म्हणून मी विठ्ठलवाडीला गेलो. जागा रिकामी होती. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, कोणी हुसकवायला आलेलं का?

"नाय हो. कोणीच नाय आलेलं. आपणच गेले. लय घाईत होते, चहाचे भरलेले कपपण इथेच टाकून गेले."

राखेच्या बाजूला ऐरणीचा खड्डा होता, उघडाच. मी खाली बसलो आणि हातांनी माती ओढून तो बुजवला. चहावाला बघत होता. मला फार लाज वाटली, पण नक्की कशाची ते कळेना. मी तर तिचं भलं करायला गेलो होतो. कोणी आलंही नव्हतं. मग ती कोणाला भिऊन गेली? त्या गावाला, की मला? इतकी वर्षं झाली, अजून उत्तर सापडत नाही.

पुढच्या महिन्यात तिची फाईल निकाली काढायला माझ्याच टेबलावर आली. खण उघडला, कडी मुकाट सरकली. रबरी शिक्का काढून मारला आणि खाली माझ्या चांगल्या अक्षरात शेरा लिहिला, 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.'