बजरंगच्या गाडीतलं पाणी

परभणीत गंगाखेड रोडला गॅरेजांची एक रांग आहे. त्या रांगेत माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि दुकानाला लागून लिंबाजीचा पत्र्याचा आडोसा. त्याच्या आडोशावर पाटी नाही. गाडीत पावसाचं पाणी येतंय म्हटलं की सेलूपासून गंगाखेडपर्यंतचे मेकॅनिक त्याचंच नाव सांगतात, मग पाटी कशाला? इंजिनातलं त्याला फारसं कळत नाही आणि कळत असल्याचा आवही तो आणत नाही. हा त्याचा गुण आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्याच्याबद्दल वाईटही सांगायचं आहे. थोडं माझ्याबद्दलही.

लिंबाजी आणि त्याची बायको झुंबरबाई तरुणपणी ऊसतोडीला जायचे. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, पण मोजायला एकच. पुढे पोरगा शाळेत घालायचा म्हणून तोड सोडली, लिंबाजी एका कुशनवाल्याकडे सीट शिवायला लागला आणि तिथेच हे गळतीचं काम शिकला. जोडीनं राबायची सवय मात्र दोघांची सुटली नाही. आणि हे काम आहेही दोघांचंच. लिंबाजी गाडीत बसायचा. काचा वर, दारं बंद, हातात बॅटरी. आत सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरलेली. झुंबरबाई बाहेर पाइप धरून उभी. पाणी सोडायचं ते खालून वर: आधी दाराची खालची कड, मग रबर, मग काच आणि सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. पावडरीत ओली रेघ उमटली की लिंबाजी आतून काचेवर टकटक करायचा, की झुंबरबाईचा हात तिथल्या तिथे थांबायचा.

लोक त्याच्याकडे यायचे तेच मुळी सगळीकडे सिलिकॉन थापून. काचेला सिलिकॉन, दाराला सिलिकॉन, एकानं तर आरशालाही फासलं होतं. ते सिलिकॉन विकणारा मीच, त्यामुळे मी गप्प बसायचो. लिंबाजी हसायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला विचारायचा, "गाडी कुठं उभी करता? झाडाखाली हाय का?" झाड म्हटलं की त्याचं निम्मं काम झालं. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी एक काळी जाळी असते. तिच्या खाली पाणी जायची भोकं असतात. लिंबाचा पाला जाळीतून आत पडतो, कुजतो, भोकं बुजतात. मग पावसाचं पाणी तिथे तुंबतं आणि डॅशबोर्डमागच्या एसीच्या पंख्याच्या वाटेनं डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. लिंबाजी जाळी काढायचा, तारेनं पाला ओढायचा, संपलं.

त्यानं एकदा "हिच्यात गळती न्हाई" म्हटलं की सगळी रांग ते मानायची. मीही मानायचो. तेच नडलं.

बजरंग त्यांचा एकुलता एक. पोरगा आईवर गेलेला, कमी बोलणारा. त्यानं एका दसऱ्याला जुनी गाडी घेतली आणि गंगाखेडकडच्या एका कारखान्याच्या साहेबांना ने-आण करायला लावली. चांगलं चाललं होतं. पाचव्या पावसाळ्यात गाडीत पाणी यायला लागलं. डाव्या बाजूची मॅटिंग चिंब, आत कुबट वास. साहेब लोक नाकाला रुमाल लावून बसायला लागले.

बजरंग म्हणाला, "आबा, एकदा बघा की."

लिंबाजीपुढे त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या चार गाड्या होत्या. घरचं काय, कधीही होतं. तरी तो आत बसला, झुंबरबाईनं पाइप धरला. दहा मिनिटं झाली. पावडर कोरडी.

"अजून जराशिक सोडू का?" झुंबरबाईनं विचारलं.

"बंद कर. काय न्हाई हिच्यात," लिंबाजी म्हणाला. जाळी त्यानं उघडलीच नाही. त्याच्या घरासमोर झाडच नाही, उघडं मैदान आहे. पाला येणार कुठून? पोरगा काच उघडी ठेवतो, नाहीतर धुताना आत पाइप मारतो, असा त्यानं निकाल देऊन टाकला.

आठवड्यानं, ऑगस्टच्या झडीत, दैठण्याच्या पुढे भर रस्त्यात गाडी बंद पडली. डॅशबोर्डखालची वायरिंग भिजली होती. मागे कारखान्याचे मोठे साहेब बसले होते, त्यांची मीटिंग बुडाली. दुसऱ्या दिवशी गाडी कामावरून काढून टाकली.

बजरंग गाडी ओढून रांगेत घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे चहा पीत होतो. लिंबाजी उठला आणि त्यानं पोराच्या थोबाडीत मारली. सव्वीस वर्षांच्या पोराच्या, सगळ्यांदेखत. "काच लावायची अक्कल न्हाई आन गाडी चालवायलाय! लोक गळतीसाठी माझं नाव घेतेत, आन माझ्याच पोराच्या गाडीत पाणी! माझी इज्जत घालवलीस. आता माझा उंबरा चढू नको."

मी मध्ये पडायला हवं होतं. मी काय म्हणालो? "आजकालच्या पोरांना वस्तूची किंमत न्हाई." चहाचा घोट घेत म्हणालो. ते वाक्य आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

चार दिवसांत बजरंगनं गाडी विकली आणि तो पुण्याला चाकणकडे एका कंपनीत लागला. झुंबरबाई रडली, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालेना. तिचं हृदयाचं दुखणं जुनंच होतं. ते बळावलं. पाइप धरून उभं राहवेना, तेव्हा आडोशाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची. रोज दुपारी पोराला फोन लावायची. "कवा येतूस रं?" तिकडून काय उत्तर यायचं कोण जाणे, फोन ठेवून ती म्हणायची, "सुट्टी न्हाई म्हणे लेकराला." लिंबाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मी एकदा त्याला म्हणालो, "बोलव की आता." तो म्हणाला, "त्यानं आधी चूक कबूल करावी."

चैत्रात झुंबरबाई गेली. सकाळी गेली. बजरंगला निरोप गेला, तो निघालाही, पण पुण्याहून परभणी म्हणजे काय हाकेच्या अंतरावर आहे? भावकी म्हणाली, थांबू. लिंबाजी म्हणाला, "कशाला थांबायचं?" आणि पोराच्या हातून द्यायची आग त्यानं स्वतःच दिली. बजरंग संध्याकाळी आला तेव्हा राखेतून धूर निघत होता. तो तिथेच बसून राहिला. दहावा झाला आणि तो बापाशी एक शब्द न बोलता निघून गेला.

त्यानंतर लिंबाजी एकट्यानं काम करायला लागला. पाइप दगडाखाली दाबून ठेवायचा, आत बसायचा, बाहेर यायचा, पाइप सरकवायचा, पुन्हा आत. एका गाडीला अख्खा दिवस जायचा. कधी कधी मी दुकान सोडून पाइप धरायचो. तो आतून टकटक करायचा आणि माझा हात भलतीकडेच असायचा. तो रागवायचा नाही. नुसता बसून राहायचा.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात सेलूचे माणिकराव म्हणून एक गृहस्थ आले, जिनिंगमध्ये मुनीम. म्हणाले, "एजंटाकडून घेतली गाडी. डाव्या बाजूला पाणी येतंय. चार जणांना दाखवली."

लिंबाजीनं नंबर बघितला, मीही बघितला. बजरंगची गाडी.

"झाडाखाली उभी करता का?" लिंबाजीनं विचारलं.

"न्हाई हो. शेडमधी असते."

लिंबाजीनं पावडरीचा डबा उचलला. आत बसला. मी पाइप धरला. दहा मिनिटं झाली, पावडर कोरडी. अर्धा तास झाला, कोरडी. मी म्हणालो, "बस का?" तो आतून म्हणाला, "सोडा शेट, पुढच्या काचेवरच सोडा." पाऊण तास होऊन गेल्यावर आतून टकटक आली. एकदाच आली.

तो बाहेर आला. वायपर काढले, जाळी उचलली. खाली काळा, घट्ट लगदा दाबून बसला होता. तारेनं ओढला तसा तो चटईसारखा सलग वर आला. पाला नव्हता तो. झेंडूच्या पाकळ्या होत्या, हळद लावलेले तांदूळ होते, आपट्याची पानं होती. आणि घटातल्या धानाच्या वाळक्या जुड्या, लुगड्याच्या हिरव्या काठाच्या चिंधीनं बांधलेल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा करतात, घटात उगवलेलं धान गाडीला वाहतात. झुंबरबाई जुडी बांधून वायपरपाशी खोचायची, वर फुलं-अक्षता टाकायची. वाहिलेलं फूल हातानं काढायचं नाही, गाडी पळेल तसं आपोआप पडेल, अशी त्या घराची रीत. ही रीत झुंबरबाईला लिंबाजीच्या आईनं शिकवलेली, आणि बजरंग एकदा फुलं झटकायला गेला तर लिंबाजीच त्याच्यावर ओरडलेला. फुलं बाहेर पडलीच नव्हती. पाच दसऱ्यांची फुलं जाळीतून आत गेली होती. झडीचा पाऊस तासन्‌तास पडल्याशिवाय तिथे पाणी भरत नव्हतं, आणि लिंबाजीनं दिली होती दहा मिनिटं.

तो खाली बसला. लगदा मांडीवर घेतला. माणिकराव बिचारे "झालं का? झालं का?" विचारत होते. मी त्यांना माझ्या दुकानात नेऊन बसवलं.

परत आलो तर लिंबाजी म्हणाला, "शेट, बजरंगला फोन लावा." त्याचे हात चिखलानं भरलेले, म्हणून मी माझ्या मोबाइलवर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बजरंग, मी बोलायलोय. तुझी गाडी आलीय हितं. तुझी चूक नव्हती रं. जाळीत फुलं व्हती. दसऱ्याची."

पलीकडे कंपनीतल्या मशिनींचा आवाज येत होता. मग तो कमी झाला, पोरगा बाहेर आला असावा. "मला ठाव हाय, आबा."

"ठाव हाय?"

"तुमी मारलं त्याच दिवशी गाडी घरासमोर ओढून नेली आन जाळी उचलून बघितली व्हती. माय बाजूलाच उभी व्हती. काय घावलं का रं, म्हणाली. मी न्हाई म्हणलं आन जाळी तशीच बसवली. ती म्हणली असती, माझ्या फुलांनी लेकराचं काम घालवलं. तिच्या जिवाला ते झेपलं नसतं. एजंटाला सांगितलं व्हतं साफ कर म्हणून. त्यानं केलं नसंल."

लिंबाजीनं मांडीवरच्या लगद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मला तरी सांगायचं."

"तुमी तिला सांगितलं असतं."

ते खरं होतं. लिंबाजीनं तोंड उघडलं असतं, रागात उघडलं असतं, आणि बायकोलाही चार शब्द सुनावले असते. मी त्याला वीस वर्षं ओळखतो.

"चुकलं माझं," लिंबाजी म्हणाला. "घरी ये, लेकरा."

"माय रोज ईचारायची कवा येतूस. मी म्हणायचो सुट्टी न्हाई. सुट्टी व्हती, आबा. दर रविवारी व्हती. आठ महिने व्हती." पोरगा रडायला लागला. "तुमच्यावर राग न्हाई माझा. पर त्या घरात आता मी कशासाठी येऊ?"

फोन त्यानंच ठेवला.

लिंबाजीनं त्या दिवशी गाडी पुरी केली. भोकं साफ केली, जाळी बसवली, पुन्हा तासभर पाणी सोडायला लावलं. माणिकरावांकडून काही घ्यायला तो तयार होईना. मी म्हणालो, घे; तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पैशाचा विषय सोडला.

याला दोन वर्षं झाली. लिंबाजी अजून काम करतो. गळती नाही सापडली तर आता "न्हाई हिच्यात" म्हणत नाही, "मला घावली न्हाई, दुसऱ्याला दाखवा" म्हणतो. रविवारी पोराला फोन करतो. बजरंग उचलतो, जेवलात का विचारतो, पाऊस कसा आहे विचारतो. यायचा विषय दोघंही सहसा काढत नाहीत.

गेल्या पितृपक्षात अविधवा नवमीला त्यानं मला जेवायला बोलावलं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. वरण, भात, भाजी, वडे, सगळं त्यानं एकट्यानं केलं होतं. वडे करपले होते. पान वाढून झाल्यावर त्यानं बजरंगला फोन लावला आणि विचारलं, "मायचं पान वाढलंय. येतूस का?"

"मीबी हितं वाढलंय, आबा," बजरंग म्हणाला. "आत्ताच कावळ्यानं घास घेतला."

लिंबाजीनं फोन खिशात ठेवला आणि पत्र्यावर चढून पान ठेवून आला. आम्ही खाली पुष्कळ वेळ थांबलो. आमच्याकडे कावळा आला नाही.