साडीगार्ड आणि आमची लाल गाडी

मागच्या सोमवारी जेवताना ह्यांनी सांगितलं... गाडी विकायची. हँडल खाली असल्यामुळे वाकून बसावं लागतं, कंबर धरते. आहे तशी देऊन टाकू आणि त्यात भर घालून स्कूटर घेऊ.

घरातला हिशेब माझ्याकडे असतो. त्यामुळे ह्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला लगेच पटलं... आणि तरी हातातला घास मी परत ताटात ठेवला.

ही तीच लाल स्पोर्ट गाडी, जिच्यावर हे मला बघायला माझ्या माहेरी ब्राह्मणपुरीला आले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून आधी गाडी पाहिली, मग ह्यांना. आता हिच्यावर बसून जग बघायचं, असं तेव्हाच मनात घेतलं होतं...

पण जग राहिलं बाजूला, त्या गाडीवर मी कधी बसलेच नाही. दिसायला बरी दिसावी म्हणून ह्यांनी गाडी नवी असतानाच साडीगार्ड काढून टाकलेलं. त्यात गल्लीतल्या एकीचा पदर कुणाच्या तरी गाडीच्या चाकात गेला, आणि सासूबाईंनी कायमचं सांगून टाकलं, सुनेला हिच्यावर बसवायचं नाही. मग आम्ही तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला जायचो ते असे... हे गाडीवर पुढे, आणि मी लेकरं घेऊन एसटीत मागे.

आता लेकरं शिकायला बाहेर. सासूबाई देवाघरी. घरात आम्ही दोघंच...

विकायच्या आधी एकदा तरी तिच्यावर बसायचं म्हणून धीर करून म्हटलं, "इकाना पहिले एकदाव माले प्रकाशाले ली चाला."

हे हसले. "त्या सीटवर? पपईगत खाली पडशी तू!"

मग मी ठरवलं. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, तोवर गाडी माझ्या बसण्याजोगी करायची.

मागची सीट उंच आणि उतरती, बसलं की माणूस पुढे घसरतं. जुन्या गादीतला फोम काढला, खोलगट भागात जास्त आणि उंचवट्यावर अगदी पातळ असा कापून बसवला. वरून मशीनवर रेक्झिनचं कव्हर शिवलं. रेक्झिन शिवताना सुईखाली सरकत नव्हतं, मशीनच्या कापड दाबणाऱ्या टाचेला तेलाचं बोट लावलं तेव्हा सरकलं.

साडीगार्ड आणि पाय ठेवायची पट्टी भंगारवाल्याकडे मिळाली... पण दुसऱ्याच गाडीची. भोकं जुळेनात. मोडक्या कूलरच्या स्टँडची लोखंडी पट्टी मध्ये घालून जुळवली. खडखडू नये म्हणून जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून नटाखाली घातले. हँडलला मात्र मी हात लावला नाही, तो जिवाशी खेळ. गॅरेजवाल्या भाऊंनी ते दोन बोटं वर घेऊन दिलं आणि वायरी ताणल्या जात नाहीत, हे दोन्हीकडे वळवून दाखवलं.

शेजारी राहणाऱ्या जाऊबाई त्यांच्या ओट्यावरून सगळं बघत होत्या. "काय वं, आते हिरोईन व्हनार का तू?" मी म्हटलं, "व्हसू ना! तुम्ही शिट्टी वाजाडज्यात."

ह्यांनी सीट दाबून पाहिली. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शेतात गेले... मला वाटलं, रागावले.

आज गिऱ्हाईक आलं. शहाद्याचा तरुण मुलगा, गाडी बघूनच हसायला लागला. "काका, हाई स्पोर्ट बाईक शे का काकूनी पालखी?"

इंजिन ऐकल्यावर मात्र त्याने खिशात हात घातला. म्हणाला, "ती जाळी काढी टाका, पहिली सीट बसाडी द्या. मी आत्तेच पैसा देस."

त्याने सांगितलेला भाव चांगला होता. खोटं कशाला सांगू... ह्यांच्या जागी मी असते तर दिली असती.

हे खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अवं, पाना दे."

मी पाना आणून दिला. आतल्या आत महादेवाचं नाव घेतलं आणि लगेच लाजले... एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला काय त्रास द्यायचा!

ह्यांनी पाना नटाला लावला. मी डोळे मिटले नाहीत, नुसती बघत राहिले. तो काढायच्या बाजूला फिरलाच नाही... आवळायच्या बाजूला फिरला. एक नट, मग दुसरा. हाताने गार्ड हलवून पाहिलं, आणि त्या मुलाला म्हणाले, "ढिलं व्हतं जराखं. च्या पी ले भो, गाडी देनी नही."

पोरगा चहा पिऊन गेला. हे पाना पुसत म्हणाले, उद्या सकाळी निघू. दर्शन झालं की तापीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ.

उद्या सोमवार. सुती साडी इस्त्री करून ठेवली आहे, पदराला दोन पिना जास्तीच्या.

महादेवा, तुझ्याकडे मागण्यासारखं आता काही राहिलं नाही... फक्त पुलावर ह्यांनी गाडी जरा हळू चालवावी, एवढंच.